पापलेट म्हणजे पापलेटच ना?

एखाद्या रविवारी झोपेला टांग मारून कुलाब्याचं ससून डॉक गाठा. उजाडायच्या आतच १८७५ सालच्या या गोदीत बर्फाचा चुरा, लिलावाचा गलका आणि वाट काढत धावणाऱ्या टोपल्या! जुने बूट घाला आणि फोटोचा नाद सोडा.

मला ही जागा आवडते, कारण इथे मासा अख्खा दिसतो. डोकं, कल्ले, शेपटीसकट. रावस तो रावस, हलवा तो हलवा. तोच मासा जवळच फोर्टातल्या एसी हॉटेलात पोचला, की त्याचं नव्याने बारसं होतं. रावसाचा होतो 'इंडियन सामन'. खरा सामन थंड पाण्यातला, केशरी मांसाचा. आपला रावस पांढऱ्या मांसाचा. दोघांचं नातं शून्य! हलवा 'ब्लॅक पॉम्फ्रेट' होतो, पण तो पापलेटच्या कुळातलाच नाही. आणि बोंबलाचं 'बॉम्बे डक'? त्यात बदक शोधू नका.

ही नावं निदान जुनी आणि मासे झकास. खिशाला चाट बसते ती दुसरीकडे. मेन्यूत नुसतं 'फिश' लिहिलेला, बिनकाट्याचा, बिनवासाचा पांढरा तुकडा बऱ्याचदा बासा असतो. मूळ मेकाँग नदीकडचा हा मासा आता आंध्रातल्या तळ्यांतही वाढतो. खायला काहीच हरकत नाही, पण रावसाच्या भावात का?

उपनगरातल्या बाजारात भेटतो रुपचंद. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, आता तळ्यात वाढवलेला आणि कधीकधी 'पापलेट' म्हणून खपवलेला. माझ्या नेहमीच्या कोळीण मावशींची टेस्ट सोपी आहे : "तोंड उघडून बघ रे. माणसासारखे दात दिसले, तर रुपचंद!"

प्रश्न फक्त पैशांचा नाही. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, कारण तो जपायची वेळ आलीये. ताटात त्याच्या नावाने दुसराच मासा येत राहिला, तर समुद्रातलं पापलेट कमी झालंय हे आपल्याला कळणार कसं?

म्हणून बाजारात मासा आधी अख्खा बघा, मग तुकडे करून घ्या. हॉटेलात मराठी नाव विचारा. आणि १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर बंद असताना कुणी 'आजच पकडलेलं' पापलेट वाढलं, तर बिनधास्त विचारा, "कुठून आणलंत, दादा?"