दिवा मालवा, मचाणावर बसा

वैशाख शुद्ध त्रयोदशी, कौंडण्यपूर

रात्रीच्या जंगलाचा विचार मेळघाटात शिरण्याआधी वर्धेच्या काठावरच सुरू करावा. रुक्मिणीचं माहेर म्हणून महाराष्ट्र या गावाला ओळखतो. रोही आणि रानडुकरं ओळखतात ती इथली तूर आणि हरभरा. पीक उभं असलं की वऱ्हाडातला शेतकरी जागलीला जातो. तिथे भटकून भागत नाही. एका जागी बसून कान द्यायचा, खसफस झाली की मगच बॅटरी मारायची. सतत उजेड पाडत धुऱ्यानं हिंडणाऱ्याला कळपाचा पत्ता लागत नाही. कळपाला त्याचा आधीच लागलेला असतो. माझं म्हणणं असं की, रात्री प्राणी पाहायला निघालेल्या पर्यटकानंही गाडी आणि झोत सोडून जागलीच करावी.

चतुर्दशी, परतवाडा ते सेमाडोह

घटांगच्या पुढे सागाला पान नाही, आणि माझ्या म्हणण्याचा निम्मा आधार तोच. मलेशियातल्या तामान नेगारासारख्या वर्षावनात पाणी बाराही महिने आणि सगळीकडे. कितीतरी प्राणी तर झाडांच्या शेंड्यांवरच राहतात. तिथे दिवे घेऊन पायवाटा तुडवाव्याच लागतात, मग इथेच काय वावगं, असा प्रश्न येतो. पण त्याच तामान नेगारात खारट मातीच्या जागांसमोर बसायला आडोसे बांधलेले आहेत, कारण क्षार चाटायला तापीर आणि सांबर तिथे येतात. पाण्याची ददात नसलेल्या जंगलातही बसायला जागा शोधावी लागली. मेळघाटात ती वैशाखच दाखवून देतो. नदीनाले आटत आटत डोहांवर येतात, आणि अस्वल, गवा, सांबर, बिबट या सगळ्यांना त्या उरल्यासुरल्या पाण्याशी यावंच लागतं. तहानेनं आलेल्या जनावरावर झोत टाकणं तर मला निव्वळ निर्दयपणा वाटतो.

पौर्णिमा, कोलकास

आज बुद्धपौर्णिमा, मचाणांवरच्या निसर्गानुभवाची रात्र. पूर्वी हिला प्राणिगणना म्हणत, आणि टीकाकार तिथेच बोट ठेवतात. त्यांचं बरोबर आहे. एकच अस्वल दोनदा पाणी पिऊन गेलं की कागदावर दोन अस्वलं होतात. लख्ख चांदण्यात कित्येक लहान प्राणी उघड्यावर यायचं टाळतात. पौर्णिमा माणसाच्या सोयीची, जनावरांच्या नव्हे. वाघ तर आता स्वयंचलित कॅमेऱ्यांत टिपलेल्या पट्ट्यांवरून मोजतात. आकडे मिळत नाहीत म्हणून मचाण निरुपयोगी ठरत नाही. मोजणीचं ओझं उतरलं की उलट पाहणं सुरू होतं.

दिव्याशिवाय दिसणार काय, हा आक्षेप अधिक वजनदार. बिबट्याच्या किंवा सांबराच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून झोतात ते डोळे लकाकतात. पण दिसतात ते ठिपकेच. माणसाचा डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झोतानं ती कमाई बुडते. रातवा पक्षी तर तापलेल्या रस्त्यावर फुफाट्यात अंग चोरून बसतो, दिवे अंगावर आले तरी चटकन उठत नाही आणि चाकाखाली जातो. मचाणावरून कमी दिसतं, हे खरं. त्याची भरपाई कान करतो: सांबराचं ‘पोंक’ एकदाच आलं की सातत्यानं, यावरून वाटाड्या पुढचा अंदाज बांधतो.

आणि पोटापाण्याचं काय? जिप्सीत सहाजण बसतात, मचाणावर दोघं-तिघं. कोरकू तरुणांच्या रोजगाराचा हा हिशेब मचाणाच्या बाजूनं झुकत नाही, हे कबूल केलेलं बरं. मग मचाणाचं शुल्क वाढवावं आणि वाटाड्याचा वाटाही. कुठल्या डोहाला अजून पाणी आहे हे सांगणाऱ्याची मजुरी स्टिअरिंग फिरवणाऱ्याहून कमी असायचं कारण नाही.

वद्य प्रतिपदा, सेमाडोह

मेळघाटातलं सगळं अप्रूप रात्रीतच आहे, असा समज मात्र नको. रानपिंगळा १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं नामशेष मानला गेला आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. घुबडाच्या जातीचा असून हा दिवसा वावरतो. त्याच्यासाठी ना झोत, ना मचाण. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांद्या एकेक करून न्याहाळत जायचं.