लोणारच्या काठचे दगड

सहलीहून परतणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पिशवीत दोन वस्तू हटकून असतात : देवाचा प्रसाद आणि मुलांनी वेचलेले दगड. प्रसाद दोन दिवसांत संपतो. दगड वर्षानुवर्षे खिडकीत धूळ खात बसतात. या दुसऱ्या छंदाला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारसारखे ठिकाण नाही.

गावाकडून पायऱ्या उतरू लागले की एखाद्या प्रचंड वाडग्यात शिरल्यासारखे वाटते. वाडग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर; तळाशी खारट, सोड्याचे हिरवट पाणी. झाडीतून वाट काढीत काठावर यावे आणि पायांखाली पाहावे. जिकडेतिकडे काळा बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच फत्तर. काही दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक लुकलुकतात. वर कड्यापलीकडे एखादा तुकडा निराळाच सापडतो : काळ्या काचेसारखा, फेसाळून थिजलेला, लोहाराच्या भट्टीतले कीटच जणू!

हा तुकडा म्हणजे साक्षीदार. विष्णूने लवणासुराला इथे मारले, असे गाव सांगते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. पुढे कित्येक वर्षे जाणकार त्याला ज्वालामुखीची करणी समजत. निकाल दिला तो दगडांनी. आघाताच्या दाबाने ज्याची काच झाली असे खनिज इथे सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले. एवढा दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही. तो आकाशातून कोसळलेल्या अशनीचाच.

वयाचा खटला मात्र अजून चालूच आहे. एका मापनाप्रमाणे विवर सुमारे ५० हजार वर्षांचे. वितळून थिजलेल्या खडकांवरून केलेल्या दुसऱ्या मापनाप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे. साक्षीदारच खिशातून मुंबई-पुण्याला गेले, तर निवाडा व्हायचा कसा? जागेवरून हलवलेला दगड कोणत्या थरातला, हे मग कोण सांगणार?

शिवाय लोणार हे अभयारण्य आहे. तिथून काही उचलून नेणे कायद्याला मंजूर नाही. तेव्हा वाचकहो, मुलांना दगड जरूर वेचू द्या. हातात घेऊन वजन अजमावू द्या, उन्हात फिरवून चमक पाहू द्या, वहीत चित्र काढू द्या. आणि मग होता तिथेच, होता तसाच ठेवायला सांगा. पाच लाख वर्षे जपलेले गुपित सांगायला त्याला आणखी थोडी सवड हवी आहे.