तंबूपुरती परवानगी

टोरांटोहून पूर्वेकडे, ओंटारिओ सरोवराच्या काठाने जाणारा ‘वॉटरफ्रंट ट्रेल’ सायकलस्वारांचा आवडता मार्ग आहे. वाटेत डार्लिंग्टनसारख्या प्रांतिक उद्यानांत तंबू ठोकून मुक्काम करता येतो. तेथे मद्यपानास मुभा आहे ती केवळ आपल्या नावे नोंदलेल्या तंबूच्या जागेवर. किनाऱ्यावर वा रस्त्यावर नाही. वय किमान १९ हवे. मे महिन्यातील ‘व्हिक्टोरिया डे’च्या सुट्टीत काही उद्यानांत संपूर्ण मद्यबंदी असते.

मुलांसमवेत अशा सहलीस जाणाऱ्या मधुमेही ज्येष्ठांनी मात्र त्या मुभेपाशीच सावध व्हावे. दिवसभर सायकल चालवल्यावर स्नायू रात्रीही रक्तातील साखर शोषत राहतात आणि मद्यामुळे यकृताकडून होणारा साखरेचा पुरवठा मंदावतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर अशा वेळी झोपेतच धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे सोबत्यांना नशेची वाटतात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

म्हणून ग्लुकोमीटर तंबूत हाताशी असावा. रुग्ण शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे व तत्काळ ९११ या क्रमांकावर मदत मागवावी. आणि अशा मुक्कामी मद्य टाळणेच श्रेयस्कर.