अठ्ठेचाळीस वर्षांचा उशीर

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपल्याकडे म्हणतात. मागे एका रविवारी मात्र मी आणि माझी लेक मनवा मुंबईच्या हायकोर्टाची पायरी हौसेने चढून आलो. घाबरू नका, आमचा काही खटला नव्हता! कोर्टाला सुटी होती आणि एक माहितगार ताई आम्हा पंधरा-वीस जणांना तो सगळा परिसर पायी फिरून दाखवणार होत्या.

'हौसेने' म्हटले खरे, पण मनवा त्या आठवड्यात माझ्याशी धड बोलत नव्हती. झाले होते असे, की कपाटातली पाचशेची नोट नाहीशी झाली. आदल्याच दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी तिने पैसे मागितले होते आणि मी नाही म्हटले होते. झाले, माझी खात्रीच पटली! ती "मी नाही घेतली" म्हणत राहिली आणि मी "खोटं बोलू नकोस" म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी नोट सापडली, लाइट बिलाच्या घडीत. ती मीच ठेवली होती. "सापडली बरं का!" एवढेच म्हणून मी पेपर उघडून बसलो.

आम्ही चर्चगेटला उतरलो आणि ओव्हल मैदानावर गेलो. ताईंनी आम्हाला मैदानाच्या मधोमध उभे केले. पश्चिमेला गोलसर गच्च्यांची आर्ट डेको घरे, पूर्वेला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती. या दोन्हींना मिळून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. पूर्वेकडची रांग पाहा : आधी १८७४ मध्ये पूर्ण झालेले जुने सचिवालय (तिथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते), मग विद्यापीठ आणि त्याचा राजाबाई टॉवर, मग हायकोर्ट. राज्यकारभार, विद्या आणि न्याय अगदी शेजारी शेजारी!

मुंबईचे हायकोर्ट सुरू झाले १८६२ मध्ये, पण त्याला ही इमारत मिळायला बरीच वर्षे जावी लागली. कर्नल फुलर यांनी तिचा आराखडा केला. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. लांबी ५६२ फूट. खर्च आला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये, आणि गंमत म्हणजे मंजूर रकमेतून थोडे पैसे चक्क उरले. हे ऐकून आमच्यातले एक आजोबा म्हणाले, "काय सांगता! सरकारी कामात?" सगळे हसले. मनवाही हसली, पण माझ्याकडे न बघता.

इमारतीच्या माथ्यावर दोन पुतळे आहेत. एक न्यायाचा आणि दुसरा दयेचा.

"दोघी कशाला?" मनवाने विचारले.

"एकटीच्या हातून चूक होऊ नये म्हणून असेल," ताई म्हणाल्या.

आत गेल्यावर कोरीव काम बघताना मान दुखून आली. एका खांबावर चक्क माकड न्यायाधीश आहे! हातात तराजू, तोही एका बाजूला कललेला, आणि एका डोळ्यावर पट्टी. दुसरीकडे गळ्यात वकिली पट्टी बांधलेला कोल्हा. कोर्टाशी भांडण झालेल्या एका ठेकेदाराने राग असा दगडात काढला, अशी गोष्ट सांगतात. खरे-खोटे ते माकडच जाणे.

"डोळे दोन्ही बांधले तर न्याय," मनवा हळूच पुटपुटली. "एकच बांधला, तर हवं तेवढंच दिसतं."

मी काही बोललो नाही.

मग आम्ही सेंट्रल कोर्टाच्या दालनात गेलो. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो इथेच, १३ ते २२ जुलै १९०८. 'केसरी'तल्या दोन लेखांवरून. मुलांनो, तेव्हा ज्युरी असे, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारे नऊ पंच. या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. लेख मराठीत, आणि ते समजून घ्यायचे इंग्रजी भाषांतरावरून! 'मी लिहिले एक आणि भाषांतरात झाले भलतेच,' हे टिळक परोपरीने सांगत होते. स्वतःची बाजू ते स्वतःच मांडत होते, सगळे मिळून एकवीस तासांहून जास्त. शेवटी सात जण म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. रात्री दहाच्या सुमारास शिक्षा सुनावली गेली : सहा वर्षे हद्दपारी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. सहा वर्षांच्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

"आणि शिक्षा देणारे न्यायमूर्ती कोण होते माहीत आहे?" ताई म्हणाल्या. "न्यायमूर्ती दावर. अकरा वर्षांपूर्वी, १८९७ च्या खटल्यात, हेच दावर बॅरिस्टर होते आणि त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता!"

मला एकदम आठवले. मनवा पाचवीत असताना तिच्या वर्गात कुणाची तरी कंपासपेटी हरवली होती आणि संशय हिच्यावर आला होता. तेव्हा मी शाळेत जाऊन ठणकावून सांगितले होते, "माझी मुलगी खोटं बोलत नाही." तेव्हा मी तिचा वकील होतो. या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलो आणि सगळे विसरलो!

दालनाबाहेर एक संगमरवरी शिळा आहे. शिक्षेआधी टिळक जे बोलले, ते तिच्यावर कोरले आहे. ज्युरीने काही ठरवले तरी आपण निर्दोषच आहोत, असे त्यांनी तेव्हा ठामपणे सांगितले होते. ही शिळा कुण्या पक्षाने किंवा मंडळाने लावलेली नाही. १४ फेब्रुवारी १९५६ रोजी तिचे अनावरण केले हायकोर्टाचेच मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी, त्या शिक्षेचे प्रायश्चित्त म्हणून.

मनवा बराच वेळ शिळेसमोर उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे कोर्टाने कबूल केलं, की आपलं चुकलं?"

"हो," ताई म्हणाल्या.

"किती वर्षांनी?"

"तूच कर वजाबाकी."

"अठ्ठेचाळीस." ती थांबली. "पण टिळक तर १९२० मध्ये गेले. त्यांना कळलंच नाही."

कोर्टाने चूक कबूल केली, ही मोठीच गोष्ट. पण ती ऐकायला टिळक नव्हते. माझी लेक तर माझ्या शेजारीच उभी होती, आणि मी चार दिवस पेपरामागे तोंड लपवून बसलो होतो.

बाहेर पडताना जिन्यावर मी तिला थांबवले. "मनवा, माझं चुकलं. नोट तू घेतली नव्हतीस. तू खरं सांगत होतीस आणि मी ऐकूनच घेतलं नाही."

तिने नाक ओढले. मग म्हणाली, "नुसतं बोलून काय उपयोग? कोर्टाने पाटी लावली."

"कुठे लावू?"

"कपाटावर."

पाटी अजून आहे. कार्डबोर्डवर माझ्याच अक्षरात लिहिलेली : 'येथे मनवावर खोटा आळ आला. ती निर्दोष होती.' खाली तारीख आणि माझी सही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे काय?" मग मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. मनवा शेजारी बसून ऐकते, आणि मी एखादा शब्द गाळला तर लगेच हरकत घेते!