लंपनचा काळ

प्रकाश नारायण संत यांची पहिली लंपन-कथा १९६४ साली ‘सत्यकथा’ मासिकात आली आणि ‘वनवास’ हे पुस्तक निघाले ते १९९४ साली. मधल्या तीस वर्षांत लेखक कराडला भूगर्भशास्त्र शिकवत होते. त्यांच्या कथांतल्या शाळकरी लंपनचे वय मात्र होते तिथेच राहिले. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आली. कथा सुट्या असल्या तरी चारही पुस्तके ओळीने वाचली की कादंबरीच हाती लागते.

लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या कानडी-मराठी मुलखात आजीआजोबांपाशी वाढतो. खुद्द लेखक आजोळी दत्तक गेले होते. कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. पुस्तकावर मात्र त्यांनी जन्मदात्या वडिलांचे नाव लावले. ते वडील, नारायण संत, १९४६ साली वारले, तेव्हा मुलगा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. त्याच मृत्यूचे दुःख आई इंदिरा संत यांच्या ‘शेला’ (१९५१) आणि ‘मृगजळ’ (१९५७) या संग्रहांत झिरपत राहिले. मुलाच्या दुःखाला शब्द मिळायला अर्धे शतक जावे लागले.

तुलनेला ‘श्यामची आई’ घ्या. ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले गेले. त्यात मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. ती जाणार हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि त्या जाणिवेने प्रत्येक आठवण ओली होते. लंपनला पुढचे काहीच ठाऊक नाही. संतांनी निवेदनातून मोठा माणूस पुरता काढून टाकला, हे त्यांचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोठे काम. उरते ते मुलाचे मोजमाप: हजारांतले मनचे आकडे, पदोपदी ‘मॅड’, आणि मैत्रीण सुमी. घरची आठवण आली की लंपन तिला दुःख म्हणत नाही. त्याला फक्त कसेतरी व्हायला लागते. वऱ्हाडात शेलूबाजारसारख्या गावी शाळेसाठी मामाकडे राहिलेल्या पोरालाही हे ‘कसेतरी’ ओळखीचे वाटेल, बोली कितीही वेगळी असो.

लंपनच्या वडिलांचा मृत्यू मालिकेच्या अखेरीस येतो. तोवर वाचकाला ते आवडू लागलेले असतात, त्यामुळे घाव थेट बसतो. २००३ साली संत गेले. लंपनला त्यांनी शाळकरी वयापलीकडे नेलेच नाही.