पक्ष्याचा डोळा

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा झाडावर बसविलेला पक्षी कृत्रिम होता, ही गोष्ट कथा सांगताना आपण बहुधा विसरतो. तो उडून जाण्याचे भय नव्हते. त्याची मान हलत नव्हती. अर्जुनाचे श्रेय कमी करावे असा आमचा हेतू नाही. परंतु आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळातील मुले रविवारी सकाळी करमळीच्या तळ्याकाठी डिजिटल कॅमेरा घेऊन उभी राहतात तेव्हा समोरचा पक्षी जिवंत असतो, आणि आपली कोणी परीक्षा मांडली आहे याची त्याला खबरही नसते. मुलांनी श्वास रोखून बटण दाबावे, आणि पडद्यावर पाहावे तो खंड्याच्या जागी निळ्या रंगाचा एक ढग!

मंडळाकडे कॅमेरा एकच आहे, तोही वापरलेला घेतलेला. त्याचे भिंग ४०० मिलिमीटरपर्यंत जाते. असे दोनचार ढग घरी दाखविले गेले की पालक आम्हांस गाठतात. "सर, मुलगा नव्या कॅमेऱ्याचा हट्ट धरून बसला आहे. कोणता घ्यावा?" प्रश्न साधा नाही, पक्ष्यांकरिता चांगले भिंग घ्यावयाचे म्हणजे पुष्कळ घरांत दोनतीन महिन्यांचा पगार जातो. म्हणून आम्ही उत्तर देण्यापूर्वी बिघडलेले चित्रच मागून घेतो. चांगल्या चित्रापेक्षा बिघडलेले चित्र अधिक बोलते, असा आमचा अनुभव आहे.

चित्र अस्पष्ट येण्याची कारणे मुख्यतः तीन, आणि तिन्हींच्या खुणा निरनिराळ्या असतात. पक्षी धूसर आहे, परंतु त्याच्या पुढचे गवत किंवा मागची फांदी अगदी रेखीव आली आहे, असे दिसले तर फोकस भलत्या ठिकाणी बसला. फांदी, पान, पाणी, पक्षी, सारेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला. आणि फांदी स्वच्छ, पक्ष्याचे पायही स्वच्छ, पण पंख तेवढे पुसट असतील, तर पक्षी हलला व शटर मंद पडले. हे निदान झाल्यावाचून नवा कॅमेरा घेणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता औषधाची बाटली बदलणे होय.

हाताचा दोष सर्वांत लवकर सुटतो. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, बांधाचा किंवा झाडाचा आधार घ्यावा. एका विद्यार्थ्याच्या आजीने जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिच्यात उकडे तांदूळ भरून दिले. ती पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर भिंग टेकविले की महागड्या तिवईची आठवण होत नाही. भिंगातील कंप आवरणारी यंत्रणा हाताच्या थरथरीवर उपयोगी पडते. पक्ष्याच्या हालचालीवर तिचा काडीचाही उपयोग नाही. तेथे शटरचा वेगच हवा. निवांत बसलेल्या बगळ्याला १/५०० सेकंद पुरते, उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून कमी काळ लागतो. प्रकाश कमी असेल तर त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो व चित्रात दाणे येतात. येऊ द्यावेत. दाणेदार पण स्पष्ट पक्षी ओळखता येतो. गुळगुळीत आणि पुसट पक्षी ओळखता येत नाही.

फोकसचा दोष मात्र सूक्ष्म आहे. ४०० मिलिमीटरचे भिंग एफ/५.६ वर ठेवून पाच मीटरांवरील पक्षी टिपला, तर चित्रात जेवढी खोली स्पष्ट येते ती सेन्सरच्या आकारानुसार अवघी साडेतीन ते पाच सेंटिमीटर असते. पांढऱ्या छातीच्या खंड्याची चोचच पाच-सहा सेंटिमीटरांची! तो आपल्याकडे तोंड करून बसला आणि फोकस चोचीच्या टोकावर पडला, की डोळा धूसर झालाच. आणि डोळा धूसर झाला म्हणजे बाकीची पिसे कितीही रेखीव असोत, पाहणाऱ्याला चित्र मेलेले वाटते. यासाठी कॅमेऱ्याला सगळी चौकट मोकळी न सोडता एकच बिंदू निवडावा व तो डोळ्यावर धरावा. नाहीतर त्याचे लक्ष बहुधा पुढच्या काडीकडे जाते. बसलेल्या पक्ष्याला एकदा धरलेला फोकस कायम ठेवणारी पद्धत चालते. चालत्या किंवा उडत्या पक्ष्याला फोकस सतत बदलत राहणारी पद्धत लावावी. पक्ष्याचा डोळा स्वतः हुडकणारे कॅमेरेही आता मिळतात. २०२० साली आलेल्या कॅनन ईओएस आर५ मध्ये ती सोय होती. यंत्र उत्तम आहे, पण दाट गवतात तेही गोंधळते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या मुलांची घरची भाषा कोकणी. पक्षी दिसला की ती एकमेकांना हळूच म्हणतात, "पळय, पळय!" म्हणजे पाहा, पाहा. सातारकडून नव्याने आलेला एक विद्यार्थी पहिल्याच रविवारी हे ऐकून खरोखरीच पळत सुटला, आणि तळ्यावरच्या अडया शिट्ट्या घालीत उठल्या. त्या दिवशी कोणाचेच चित्र स्पष्ट आले नाही.

हवेचाही हात यात असतो. दहा वाजून गेल्यावर खाजनावरून व मिठागरांवरून तापलेली हवा लहरत वर चढते. तिच्यातून दूरचा पक्षी टिपला तर कोणतेही भिंग हात टेकते. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगाला आमच्याकडे बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ते ठेवावे.

"मग जवळच जावे ना!" असे मुले म्हणतात. गणित पाहिले तर अंतर दुप्पट केल्यावर स्पष्ट खोली चौपट होते. म्हणजे फार जवळ जाण्यात फोकसची अडचण वाढतेच. हे खरे की दूरचा पक्षी चित्रात लहान येतो आणि पिसांचे बारकावे मिळत नाहीत. तरीही अंतर किती ठेवावे हे आपण ठरवावयाचे नाही, पक्ष्याने ठरवावयाचे. चरणे थांबवून त्याने मान उंच केली की तेथेच उभे राहावे. घरट्याचे चित्र आमच्या मंडळात कोणी घेत नाही, मग ते कितीही स्पष्ट येणार असो. घरट्याला व अंड्यांना उपद्रव देणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडते. या नियमावरून एकदोन पालकांनी नाराजी दाखविली. नियम मात्र राहिला.

स्पष्टतेचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. गेल्या जानेवारीत नववीतील एका विद्यार्थिनीच्या पायाजवळून पाणलावा उठला आणि नागमोडी उडत गेला. तिने अकरा चित्रे घेतली. शटर आधीच्या बगळ्यासाठी लावलेल्या १/५०० वरच होते. साध्या पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी किनार असते. टाचणीसारख्या शेपटीच्या जातीत ती जवळजवळ नसते. अकराही चित्रांत किनार दिसेना. तिने दुसऱ्या जातीचे नाव नोंदवहीत लिहावयास घेतले. आम्ही म्हटले, किनार नाही म्हणून दिसत नाही, की पुसली गेली म्हणून, हे या चित्रावरून कसे सांगावे? तेव्हा तिने रागारागाने "पाणलावा, जात अनिश्चित" असे लिहिले.

पुढच्या रविवारी तिने बांधावर पाऊल ठेवण्यापूर्वीच शटर १/२५०० वर आणून ठेवले. पक्षी उठला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी उठला, आणि सतरा चित्रांपैकी एकात पंख उघडलेला, डोळा स्वच्छ, व कडेची पांढरी किनार खडूने ओढल्यासारखी. साधाच पाणलावा! वर्गमित्रांनी पहिली नोंदही त्याप्रमाणे दुरुस्त करण्याची सूचना केली. ती म्हणाली, "तो हाच होता हे तुम्ही कोणी पाहिले?" पहिली नोंद नोंदवहीत अद्याप तशीच आहे.