एन्सिसहाइमची आकाशशिला

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, आल्सास प्रांतात एन्सिसहाइम हे लहानसे गाव आहे. ७ नोव्हेंबर १४९२ रोजी दुपारच्या सुमारास प्रचंड गडगडाट होऊन गावाबाहेरील गव्हाच्या शेतात सुमारे १२७ किलो वजनाची शिळा आकाशातून पडली. एका मुलाने ती पडताना पाहिली. लागलीच लोक तिच्या ढलप्या काढून नेऊ लागले. काही दिवसांनी तेथे आलेल्या राजा मॅक्सिमिलियनने हा शुभशकुन मानून ती चर्चमध्ये जतन करण्याची आज्ञा दिली. मात्र त्यापूर्वी दोन तुकडे स्वतःच काढविले!

आज ही शिळा गावच्या संग्रहालयात आहे. तिचे निम्म्याहून कमी वजन शिल्लक आहे. तिच्या रक्षकांचा एक बंधुसंघही गावात असून, दर उन्हाळ्यात देशोदेशींचे अशनी-संग्राहक येथे जमतात.

अशनीची पारख करणे मोठे रंजक काम आहे. वातावरणात जळताना त्यावर चढलेले पातळ काळे कवच प्रथम पाहतात. मग लोहचुंबक लावतात. बहुतेक लोह-अशनी कापून, घासून त्यांवर सौम्य नत्राम्ल ओतले की एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी उमटते. लक्षावधी वर्षे मंदपणे निवत गेलेल्या लोह-निकेलाचीच ही नक्षी. कोणत्याही भट्टीत ती साधत नाही.

एन्सिसहाइमची शिळा मात्र पाषाणाची. तिच्यावर अशी जाळी उमटत नाही. म्हणून तिच्या तुकड्यासोबत आलेली जुनी चिठ्ठी संग्राहक तुकड्याइतकीच जपतात.